पिवळा रंग वापरू नये

सुखदेव मामांचं नाव आधी लिहितो. माझ्या नावापुढे आज जी पदवी लागते ती आमच्या दोन्हीकडच्या घरांतली पहिली, आणि ती ज्यांच्यामुळे लागली ते हे माझे मामा, अमडापूरचे सुखदेव पेंटर. वीस-बावीस वर्षं आमच्या भागातल्या गावोगावच्या भिंतींवर बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिराती त्यांच्याच हातच्या असत. अक्षर असं, की धावत्या एसटीच्या खिडकीतून सहज वाचून व्हावं. आणि मामांना स्वतःला वाचता येत नाही.

हे शेवटचं वाक्य मी कागदावर पहिल्यांदाच लिहितो आहे. उठून माठातलं पाणी प्यालो, परत येऊन बसलो.

मे महिना आहे. पुण्याच्या कंपनीने महिनाभर घरून काम करायची मुभा दिली म्हणून खामगावला आईकडे आलो आहे. सकाळी दहालाच खिडकी बंद करावी लागते. दाराच्या फटीतून ऊन पट्टीसारखं आत येतं आणि फरशीवर सरकत राहतं. कूलरमधल्या वाळ्याचा वास, शेजारच्या अंगणात पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया, लांबून सरकीच्या तेलाच्या घाण्याचा जडसर वास. या दिवसांत आम्ही, म्हणजे मामा आणि मी, भिंती शोधत फिरायचो. पेरणीआधी शेतकऱ्याच्या नजरेत नाव भरलं पाहिजे आणि पावसाआधी रंग वाळला पाहिजे, या दोन गोष्टींच्या मधला जो दीड महिना, तो आमचा हंगाम. लोक त्याला उन्हाळा म्हणत. मामा म्हणत, "भितींचे दिवस आले."

जाहिरातींचा हंगाम आजही तोच आहे. फक्त भिंत बदलली. आमची कंपनी जाहिरातींचे अहवाल तयार करणारं सॉफ्टवेअर चालवते. दुकानदार मोबाइलवर जाहिरात देतो. ती किती जणांना दिसली, किती जणांनी उघडली, किती जणांनी दुकानाला फोन लावला, हे सारं ठिकठिकाणाहून गोळा करून एका तक्त्यात मांडायचं, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. ते कसं वापरायचं याची माहितीपुस्तिका लिहिणं हे माझं काम. चार वर्षं ही पुस्तिका मी माणसांसाठी लिहिली. या उन्हाळ्यात ती एआय एजंटसाठी नव्याने लिहायची आहे. एजंट म्हणजे कुणी माणूस नव्हे, तो एक प्रोग्रॅम. त्याला सांगितलं, की अमक्या दुकानाचा आठवड्याचा अहवाल पाठव, की तो पुस्तिका वाचतो, आकडे मागवतो, तक्ता करतो आणि पाठवूनही देतो. मधे कुणाचा हात लागत नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही एजंटला माझी जुनीच पुस्तिका दिली. अनघा मॅडम, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुख, यांनी विचारलं, "पुरेल ना एवढी?" मी म्हणालो, "हो मॅडम, सगळं लिहिलंय त्यात."

हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा मला काहीच आठवलं नाही.

मामांची काम करायची रीत सांगतो. भिंत आधी झाडायची, मग चुन्यात डिंक आणि निळीची चिमूट घालून दोन हात द्यायचे. सकाळी पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंती, दुपारनंतर पूर्वेकडच्या, म्हणजे हात कायम सावलीत. तापलेली भिंत रंग पिते, आणि मामांना भिंतीने रंग पिणं म्हणजे आपल्या ताटातलं कुणी उचलल्यासारखं वाटे. गेरूत बुडवलेला दोरा दोन्हीकडून ताणून टण्णकन सोडला की सरळ रेघ उमटे. मग त्या रेघेवर अक्षरं. मामा अक्षर वरून खाली काढत नसत, कुठूनही काढत. 'क'ची शेपटी आधी, पोट नंतर. मी लहानपणी समजायचो, की ही कलावंताची लहर. पुढे समजलं, की त्यांच्यासाठी ते अक्षर नव्हतंच, आकार होता. बैलाचं शिंग काढावं तसं ते वेलांटी काढत.

मामा दुसरीत असताना त्यांची शाळा सुटली. आजोबा गेले, धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. ती बहीण म्हणजे माझी आई. आई सातवीपर्यंत शिकली, मामा तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून बाहेर थांबत. फाटकावरच्या पाटीवरचं शाळेचं नाव पायाच्या अंगठ्याने धुळीत काढत बसत. हाच त्यांचा पहिला बोर्ड.

वाचता येत नाही हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. गावाच्या विहाराच्या कमानीवरची अक्षरं त्यांची, शाळेच्या भिंतीवरची त्यांची, ग्रामपंचायतीचा फळा त्यांचा. अशा माणसाला वाचता येत नाही ही शंका तरी कुणाला यावी? कुणी कागद पुढे केला की मामा खिसा चाचपत आणि म्हणत, "चष्मा इसरलो बे, वाच बरं जरा." साऱ्या गावाला ते बे म्हणत. मला मात्र कधी म्हणाले नाहीत. आमच्याकडे कित्येक घरांत मामा भाच्याच्या पाया पडतो. विहारात जाणाऱ्या आमच्या घरातही ही जुनी रीत टिकून आहे. मी चौथीत होतो तेव्हापासून दर भेटीत तो रंगाने माखलेला उंच माणूस वाकून माझ्या पायांना हात लावी, आणि मी अवघडून इकडेतिकडे बघे.

खामगावला कॉलेजात गेल्यावर उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो. बियाण्यांच्या कंपनीकडून टाइप केलेला कागद येई. त्यात भिंतीवर लिहायचा मजकूर आणि पेंटरसाठीच्या सूचना एकाखाली एक असत. मी कागद वाचे आणि जी ओळ भिंतीवर जायची तिच्यापुढे पेनने फुली करे. मामा फक्त फुलीच्या ओळी काढत. आमच्या दोघांत यावर कधी बोलणं झालं नाही. मी फुल्या करतो आणि ते फुल्या बघतात, बस्स. त्यांना वाचता येत नाही हे मला कळलंय, हेसुद्धा मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

आणि मी अहवालही लिहायचो. कोणतं गाव, कोणाची भिंत, कोणत्या तोंडाची, रंगवली की नाही. एकदा एका गावापुढे मी नुसती रेघ मारली. मामांनी विचारलं, "हे काय हाय?"

"रंगवली नाही, म्हणून रेघ."

"काऊन रंगवली नाही? घरधनी नाही म्हनला, का आपन अजून गेलोच नाही? दोन्हीले एकच रेघ कशी मारतं? सायबाले काय समजन?"

आज एजंटसाठी लिहिताना एक पूर्ण पान मी याच गोष्टीवर खर्च केलं आहे. आकडा शून्य असणं आणि आकडा अजून आलेलाच नसणं, या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. ऑफिसात सगळ्यांनी त्या पानाचं कौतुक केलं. ते पान ज्याचं, त्याला ते वाचता येणार नाही.

शेवटच्या वर्षाच्या त्या मे महिन्यात पुण्याहून पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी बोलावणं आलं. सकाळची एसटी धरायची होती. मामा साखरखेर्ड्याला निघाले होते, तीन भिंती ठरल्या होत्या. नवीन कागद आदल्या संध्याकाळी आला होता. मामा सायकलला डबे बांधत म्हणाले, "मिलिंदा, कागद पाह्यला का?"

मी प्रमाणपत्रांची फाईल शोधत होतो. कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "घ्या मामा, सगळं लिहिलंय यात."

फुल्या केल्या नव्हत्या.

मामांनी कागद उलटसुलट पाहिला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांनी विचारायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण विचारायचं म्हणजे इतकी वर्षं झाकलेलं उघडं करायचं, तेही ज्याच्या पाया पडतो त्या भाच्यापुढे. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

तीन दिवसांनी मी परतलो तेव्हा प्रवेश झाला होता. अमडापूरच्या स्टँडवर उतरलो, तिथेच रमेशभाऊंच्या चहाच्या हॉटेलात गर्दी होती. कंपनीचा साहेब मोटरसायकल लावून उभा होता, मामा त्याच्यासमोर बाकावर बसले होते. साहेबाच्या हातात मोबाइल, त्यात साखरखेर्ड्याच्या भिंतींचे फोटो. तो एकेकाला दाखवत होता. सुंदर, ठसठशीत, पिवळ्याधमक अक्षरांत भिंतीवर लिहिलं होतं, बियाण्याचं नाव, त्याखाली 'खालच्या जागेत दुकानदाराचे नाव टाकावे', त्याखाली 'जागा कमी असल्यास अक्षर लहान करावे', आणि सगळ्यात खाली, डौलदार वळणाचं, 'पिवळा रंग वापरू नये'.

लोक पोट धरून हसत होते. "पेंटर, कंपनीनं नाही म्हनलं त काय झालं, पिवळा आपल्याले आवडते!" कुणीतरी ओरडलं. "अबे, भितीनंच सांगतलं, तरी आयकलं नाही!"

साहेब हसत नव्हता. "अहो पेंटर, वाचता येत नाही का तुम्हाला?"

मामांचा हात सवयीने खिशाकडे गेला. "चष्मा इसरलो साहेब."

"चष्मा तर डोळ्यांवर आहे."

चहाच्या भांड्याखालच्या स्टोव्हचा तेवढा आवाज येत होता. हसणारे थांबले, आणि ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं, कारण तेवढ्यात सगळ्यांना समजलं. मामांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. मग गर्दीत त्यांना मी दिसलो. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद आला. "झालं का रे अ‍ॅडमिशन?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

मी म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. 'साहेब, चूक माझी आहे, फुल्या मी करायचो' हे वाक्य तिथे, त्या क्षणी, म्हणायचं होतं. ते अवघड नव्हतं. मला अनेक वर्षं वाटत आलं की मी घाबरलो होतो, पण ते खरं नाही. मला लाज वाटली होती. हातात पुण्याच्या प्रवेशाची पावती असताना, हा माझा मामा आहे आणि याला वाचता येत नाही, याची.

दुसऱ्या दिवशी आम्ही साखरखेर्ड्याला जाऊन तिन्ही भिंतींना चुना मारला. मी पाणी आणत होतो. पिवळा रंग चुन्याला दाद देत नाही, तीन हात द्यावे लागले, तरी तिरप्या उन्हात अक्षरं आतून दिसतच होती. मामा दिवसभरात एकदाच बोलले. "मिलिंदा, तुह्या कालेजात भिती लई मोठाल्या असतीन, नाही?"

त्या कंपनीचं काम गेलं, मग हळूहळू दुसऱ्यांचंही. लोक म्हणतात फ्लेक्स आले म्हणून गेलं. फ्लेक्स आले ते खरंच. पण सुखदेव पेंटर फ्लेक्स यायच्या आधीच एक-दोन वर्षं भिंतीजवळ जाईनासे झाले होते, हे मला ठाऊक आहे. पुण्याला निघालो तेव्हा स्टँडवर, त्याच हॉटेलसमोर, ते माझ्या पाया पडले. मी पाय मागे घेतले नाहीत.

पदवी मिळाल्यावर त्यांनी आमच्या खामगावच्या दारासाठी माझ्या नावाची पाटी केली. प्रमाणपत्र समोर ठेवून, नाव आणि पदवी तेवढी. आई सांगते, ब्रश हातात घेऊन त्यांनी तिला तीनदा विचारलं, "एवढंच ना सुमन? खालचं नाही ना घ्याचं? नक्की?" पाटी आजही दारावर आहे. तिच्यात एकही अक्षर जास्त नाही. ती वाचली की मला दर वेळी त्यांचा तो प्रश्न ऐकू येतो.

आता या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या सॉफ्टवेअरवर वाशीमकडच्या एका बाईंच्या बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात चालते. एजंटने त्यांना अहवाल पाठवला. आकडे बरोबर. फक्त वर, ठळक अक्षरांत, एक ओळ होती, 'ग्राहकाला आकडे समजत नसतील तर फक्त पहिले दोन रकाने पाठवावेत.' ही ओळ माझ्या पुस्तिकेतली. ऑफिसातल्या माणसांसाठी मी कधीतरी लिहिली होती, नमुन्याच्या अहवालाच्या अगदी मधोमध. कोणती ओळ अहवालाची आणि कोणती वाचणाऱ्यासाठी, याची काहीच खूण मी केली नव्हती. एजंटने सगळं घेतलं आणि रकानेही दोनच पाठवले.

बाईंचा फोन रेकॉर्ड झाला होता. मीटिंगमध्ये अनघा मॅडमनी तो ऐकवला. "मले समजत नाही हे तुमाले कोनं सांगतलं? बारा वर्षं झाले दुकान चालवून राह्यली मी."

रोहन नावाचा आमचा सहकारी हसत म्हणाला, "वाचता येत नाही का या एजंटला?" स्क्रीनवरच्या चौकोनांत सगळे हसले. तो चांगला मुलगा आहे, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

माझा माइक बंद होता. दाराच्या फटीतलं ऊन फरशीवरून माझ्या पायापर्यंत आलं होतं. स्टोव्हचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मी माइक सुरू केला. म्हणालो, "वाचता येतं त्याला. त्याने सगळं वाचलं. चूक माझी आहे, खूण मी करायला हवी होती."

"अरे ठीक आहे, एवढं काय," रोहन म्हणाला.

खरंच, एवढं काही नव्हतं. दहा सेकंद लागली. यासाठी मला अकरा-बारा वर्षं का लागली, ते मला सांगता येत नाही.

बाईंना मी स्वतः फोन केला. "तुमीच का ते लिवनारे?" त्यांनी विचारलं. "हो, मीच." "मंग नीट लिवत जा. आन् सगळे रकाने पाठवा आता."

यंत्राला लाज नसते हे मला समजतं. एजंट विचारत नाही, कारण विचारायची जागा आपण ठेवलेली नसते. तरी नव्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं आहे, 'एखादी ओळ सूचना आहे की मजकूर, हे स्पष्ट नसेल तर थांबावे आणि विचारावे. विचारणे ही चूक मानली जाणार नाही.' मॅडम म्हणाल्या, शेवटचं वाक्य एजंटला नको, काढून टाक. मी विनंती केली, की राहू द्या.

त्याच दिवशी मामांना फोन लावला. म्हणालो, "मामा, साखरखेर्ड्याच्या भिंतींचं बोलायचं होतं."

"कोन्त्या भिती? ... पाऊस हाय का तिकडं?"

"मे महिना आहे मामा. मी खामगावातच आहे."

"हाव, मंग उन्हात फिरू नको. सुमनले सांग, कैऱ्या ठेवल्या हाय तिच्यासाठी." आणि फोन बंद.

दुसऱ्यांदा लावला तर मामी म्हणाल्या, बाहेर गेले. म्हणून मग पत्र लिहिलं. पुस्तिका लिहितो तसंच, एकेक ओळ तपासून. ते काल पोस्टात टाकलं.

आदरणीय सुखदेव मामा,

सप्रेम जय भीम.

हे पत्र कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवत असेल. चष्मा विसरलो असं त्याला सांगितलं असेल, तर ते राहू द्या. मला वाचता येत नाही, असंच सांगा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लाज मला वाटायला हवी अशी गोष्ट पुढे आहे. पुढचं चारचौघांत नको वाटलं तर इथेच थांबा आणि मामींसोबत घरी बसून नातीकडून, प्रतीक्षाकडून, वाचून घ्या. पण माझी इच्छा विचाराल तर ते स्टँडवर, रमेशभाऊंच्या हॉटेलात, त्यांनी मोठ्याने वाचावं. ते त्या दिवशी तिथे होते. या पत्रातली प्रत्येक ओळ वाचायची आहे. वगळायची एकही नाही.

साखरखेर्ड्याच्या तीन भिंतींवर जे चुकीचं लिहिलं गेलं ती चूक सुखदेव पेंटरची नव्हती. कागद वाचून, भिंतीवर लिहायच्या ओळींपुढे फुली करायचं काम माझं होतं. त्या दिवशी मी घाईत होतो. फुल्या न करता कागद दिला आणि सांगितलं, की सगळं लिहिलंय यात. मामांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि कागदात होतं ते सगळं लिहिलं. साहेब बोलत होते तेव्हा मी तिथेच उभा होतो. मला सगळं माहीत होतं. मी गप्प राहिलो. घाबरून नाही. मला तुमची लाज वाटली होती मामा. हेच खरं आहे.

तुम्ही ते कधीच कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. उलट, सगळ्यांसमोर माझ्या अ‍ॅडमिशनचं विचारलं.

माझं काम काय असतं असं तुम्ही मला नेहमी विचारता आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. आता नीट सांगतो. मी कागदावर फुल्या करतो. कोणती ओळ कुणासाठी आहे, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. आणि भिंत रंगवली नाही तर का रंगवली नाही, हे लिहितो. दोन्ही मी तुमच्याकडे शिकलो. त्यातलं एक, तुमचं नुकसान करून शिकलो.

मला माफ करा असं लिहिणार होतो, पण तुम्ही लगेच "जाऊ दे" म्हणाल. म्हणून ते मागत नाही. एक दुसरीच गोष्ट मागतो.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. स्टँडवर उतरेन. तुम्ही नेहमीसारखे वाकाल, त्याआधी मी वाकणार आहे, त्याच हॉटेलसमोर, बघतील त्या सगळ्यांसमोर. मामाने भाच्याच्या पाया पडायची आपल्यातली रीत मला माहीत आहे. रीत मोडली म्हणून नंतर रागवा, पण पाय मागे घेऊ नका.

तुमचा
मिलिंद